इंग्रजी वाक्प्रचाराचा माग कसा काढायचा: फॉरवर्डपासून देवळालीपर्यंत

दर पावसाळ्यात एक फॉरवर्ड न चुकता येतो. जुन्या इंग्लंडात घरांवर गवताची छपरं असत, कुत्री-मांजरं उबेसाठी छपरावर जाऊन बसत, पाऊस आला की छप्पर निसरडं होई आणि ती धपाधप खाली पडत, म्हणून मुसळधार पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. गोष्ट झकास आहे. पण मावळात किंवा कोकणात घर शाकारताना ज्यांनी पाहिलंय त्यांनी जरा आठवून बघावं. गवत उतारावर घट्ट दाबून बसवलेलं असतं, पाणी वरच्यावर ओघळून जातं. मांजराला ऊब हवी असेल तर ते चुलीपाशी जाईल, फार तर आतून माळ्यावर. भर पावसात छपराच्या बाहेरच्या अंगाला जाऊन ते कशाला बसेल? आणि कुत्रा मुळात चढणार कुठून?

ही गोष्ट 1999 च्या सुमारास ईमेलमधून फिरलेल्या एका लांबलचक थापेतली आहे. त्या मजकुरात पंधराशेच्या शतकातल्या राहणीवरून डझनभर वाक्प्रचार ‘उलगडून’ दाखवले होते. छापील पुरावा वेगळं सांगतो. रिचर्ड ब्रोमच्या 1653 मध्ये छापलेल्या नाटकात पावसाबरोबर कुत्री आणि पोलकॅट, म्हणजे उदमांजरासारखा एक उग्र वासाचा प्राणी, पडतील असं एक पात्र म्हणतं. आजचं ‘कॅट्स अँड डॉग्ज’ जोनाथन स्विफ्टच्या 1738 च्या संवादसंग्रहात सापडतं. छप्पर दोन्हीकडे नाही.

आता आपल्याकडे बघा. पाऊस ‘मुसळधार’ पडतो. कुणाच्या अंगणात मुसळं पडली होती, असं आपण विचारत नाही. धार मुसळाएवढी जाड, बस. प्रत्येक वाक्प्रचारामागे एखादी घटना असलीच पाहिजे हा हट्ट आपण फक्त परक्या भाषेच्या बाबतीत धरतो. पुढे जी पद्धत सांगते आहे, तिच्यात सगळ्यात आधी हा हट्ट सोडायचा आहे. मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे ही पद्धत पुस्तकातून नाही, चुका करत करत हाताशी आली आहे.

पहिली पायरी: वाक्प्रचार नको, अख्खं वाक्य उचला

वहीत नुसतं ‘टेबल द मोशन’ लिहू नका. वाक्य, बोलणारा, ऐकणारा आणि देश, चारही गोष्टी लिहा. एका अमेरिकी संस्थेच्या बैठकीचा वृत्तान्त मी मराठीत करत होते. त्यात एक ठराव ‘वॉज टेबल्ड’ असं होतं. आपल्या विधिमंडळात कागदपत्रं पटलावर ठेवतात, त्या सवयीने मी ‘ठराव पटलावर ठेवण्यात आला’ असं ठोकून दिलं. दोन पानं पुढे गेले तरी ठरावावर चर्चा नाही, मतदान नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. ब्रिटिश इंग्रजीत, आणि म्हणून आपल्याकडच्या इंग्रजीतही, ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला घेणं. अमेरिकेत त्याचा अर्थ बाजूला ठेवणं, पुढे ढकलणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकारी याच एका शब्दावरून बराच वेळ वाद घालत बसले आणि शेवटी दोघांना एकच गोष्ट हवी होती असं निघालं, हे चर्चिलने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. माझ्या चुकीला तेवढाच काय तो मोठ्यांचा आधार.

वाक्य हातात असेल तर अजून एक गोष्ट कळते: कुठला शब्द हलवता येतो आणि कुठला नाही. मराठीत हात ‘वर करणं’ म्हणजे जबाबदारी झटकणं, हात ‘उचलणं’ म्हणजे मारणं, हात ‘मारणं’ म्हणजे डल्ला मारणं किंवा जेवणावर तुटून पडणं. खरोखरच्या हाताची हालचाल पाहिली तर पहिल्या दोघांत फारसा फरक नाही. तसंच ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं, पण ‘द’ च्या जागी ‘अ’ घातला की एखाद्या माणसाने खरीच बादली लाथाडली. वाक्प्रचार जसा सापडला तसाच्या तसा, बारीकसारीक शब्दांसकट उतरवून घ्या.

दुसरी पायरी: अर्थाबरोबर पातळीही बघा

शब्दकोशात ‘किक द बकेट’ च्या पुढे ‘मरणे’ दिसेल. तेवढ्यावर थांबलात आणि एखाद्या शोकसभेच्या मजकुरात तो वापरलात तर पंचाईत. मराठीत ‘देवाज्ञा झाली’, ‘वारले’, ‘गेले’, ‘गचकले’, ‘आटोपले’ या सगळ्यांचा अर्थ एकच आहे, पण आजोबांच्या तेराव्याला ‘गचकले’ म्हणून बघा. ‘किक द बकेट’ गचकण्याच्या पंक्तीतला आहे. विद्यार्थ्यांसाठी काढलेले इंग्रजी शब्दकोश, केंब्रिजचा असो, लाँगमनचा असो, प्रत्येक वाक्प्रचारापुढे अनौपचारिक, जुनाट, विनोदी अशी खूण करतात. ते मोफत आहेत. ही खूण वहीत उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मराठी प्रतिशब्द शोधताना चित्र जुळवू नका, काम जुळवा. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ ला ‘कानाडोळा करणे’ चपखल बसतं, आणि गंमत म्हणजे इथे चित्रही जुळतं, कारण कानाडोळा म्हणजे काणा डोळा. इंग्रजीत हा वाक्प्रचार ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याच्या नावाशी जोडला गेलाय. 1794 मध्ये कॉर्सिकातल्या कॅल्व्हीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि 1801 मध्ये कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठाने दिलेला माघारीचा इशारा त्याने मानला नाही; त्याच डोळ्याला दुर्बीण लावून ‘मला दिसत नाही’ म्हणाला, असं सांगतात. असं जुळणं क्वचितच. बहुतेक वेळा एका भाषेतलं जहाज दुसऱ्या भाषेत बैलगाडी होऊन येतं, आणि येऊ द्यावं.

तिसरी पायरी: शब्दाचं माहेर कोणतं?

एखादा शब्द वाक्यात विचित्र दिसला तर तो बहुधा कुठल्यातरी धंद्यातून आलेला असतो. ‘थ्री शीट्स टू द विंड’, म्हणजे झिंगून तर्र. इथे ‘शीट’ म्हणजे चादर नाही, कागद नाही आणि शीडही नाही. शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर, त्याला खलाशी शीट म्हणतात. हे दोर सुटले की शीड फडफडतं आणि बोट दारुड्यासारखी झोकांड्या खाते. हे एकदा कळलं की अर्थ पाठ करावा लागत नाही. ‘बाय अँड लार्ज’ ही जहाजावरचंच: ‘बाय’ म्हणजे वाऱ्याच्या जवळून, जवळजवळ वाऱ्याच्या तोंडावर, ‘लार्ज’ म्हणजे वारा पाठीशी घेऊन. दोन्ही तऱ्हांनी नीट चालणारं गलबत ते चांगलं, त्यावरून ‘एकंदरीत’. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ मुष्टियुद्धाच्या रिंगणातलं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. शवपेटीत जिवंत पुरलेल्या माणसाने घंटा वाजवल्याची जी कथा फिरते ती त्याच 1999 च्या ईमेलमधली.

नाटकातला एक किस्सा मात्र खरा आहे आणि तो मला फार आवडतो. 1709 मध्ये जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात आपल्या नाटकासाठी मेघगर्जनेचा आवाज काढायची नवी युक्ती केली. नाटक पडलं. थोड्या दिवसांनी तिथेच ‘मॅकबेथ’ बघायला गेला तर त्याचाच गडगडाट! माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझी गर्जना चोरतात, असा त्याने थयथयाट केला. ‘स्टील समवन्स थंडर’ तिथून आलं. मराठी करताना ‘आयत्या बिळावर नागोबा’ कडे हात जातो, पण ते पुरेसं नाही. नागोबाला बीळ मिळतं. इथे दुसऱ्याच्या वाट्याची वाहवा जाते, आणि चोरणाऱ्याने ती मुद्दाम नेलेली असतेच असं नाही. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यातच थोरलीने गोड बातमी सांगितली, तर इंग्रजीत हाच वाक्प्रचार येईल.

चौथी पायरी: तारीख लावून बघा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर घालवा. नियम साधा आहे: वाक्प्रचार गोष्टीपेक्षा म्हातारा निघाला तर गोष्ट खोटी.

‘बॉम्बे डक’ घ्या. वाक्प्रचार नव्हे, बोंबलाचं इंग्रजी जोडनाव आहे, पण तपासणी शिकायला याच्यासारखं उदाहरण नाही. सुका बोंबील रेल्वेने टपालाच्या डब्यातून जायचा, डब्याला वास मारायचा, टपालगाडी म्हणजे ‘बॉम्बे डाक’, साहेबाच्या तोंडी त्याचं ‘डक’ झालं, अशी कथा मुंबईत कुणीही सांगेल. आता तारीख लावा. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 16 एप्रिल 1853 ला. आणि ‘बॉम्बे डक’ हे या माशाचं नाव 1829 च्या इंग्रजी पुस्तकात छापलेलं आहे. गाडी सुटायच्या चोवीस वर्षं आधी बोंबील डब्यात बसला कसा? कथा संपली. हातात जे उरतं ते कमी मजेदार नाही: मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या साहेबांनाच त्या काळी ‘डक्स’ असं टोपणनाव होतं, हे युल आणि बर्नेलच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या, हिंदुस्थानातल्या इंग्रजीच्या कोशात नोंदलेलं आहे. बोंबलाचं दुसरं इंग्रजी नाव ‘बमलो’, तेही आपल्या बोंबलावरूनच.

‘बाइट द बुलेट’ चं तसंच. मन घट्ट करून नको ती गोष्ट सोसणं, असा अर्थ. आपल्याकडे हमखास 1857 ची काडतुसं आठवतात. पण शिपायांना दातांनी फाडावं लागे ते काडतुसाचं चरबी लावलेलं कागदी वेष्टण, गोळी नव्हे. आणि फ्रान्सिस ग्रोसच्या बाजारू इंग्रजीच्या कोशात, 1796 च्या आवृत्तीत, फटके खाताना ओरडायला नको म्हणून गोळी चावणाऱ्या ग्रेनेडियर शिपायांची नोंद आहे. म्हणजे बंडाच्या एकसष्ट वर्षं आधी. आजच्या अर्थाने तो छापला किपलिंगने, 1891 च्या कादंबरीत. हा किपलिंग मुंबईत, जे. जे. च्या आवारात जन्मला, एवढाच काय तो आपला संबंध.

‘रूल ऑफ थम्ब’ मागे नवऱ्याने बायकोला अंगठ्याएवढ्या जाड काठीने मारायची मुभा होती, अशी कथा सांगतात. 1782 मध्ये फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशाने असं काही म्हटल्याची बोलवा उठली आणि गिलरे या व्यंगचित्रकाराने त्याला ‘जज थम्ब’ करून टाकलं. चित्र खरं आहे, बदनामी खरी आहे. पण शब्दप्रयोग सतराव्या शतकातच रुळलेला होता, मापाऐवजी अंदाजाने काम करणाऱ्या कारागिरांच्या संदर्भात. आपली वीत, मूठ, चार बोटं त्याच जातीची. मराठीत याला ‘ठोकताळा’ हा इतका नेमका शब्द आहे की इंग्रजीनेच तो उसना न्यावा.

तारीख शोधायची कशी? गूगल बुक्समध्ये वाक्प्रचार अवतरणचिन्हांत टाका आणि वर्षांची मर्यादा घाला, मग मर्यादा मागे मागे सरकवत न्या. इथे दोन खड्डे आहेत. एक, मासिकांच्या सगळ्या अंकांवर बऱ्याचदा पहिल्या अंकाचं वर्ष चिकटवलेलं असतं. म्हणून ‘1840’ दिसलं की हुरळून जाऊ नका, शीर्षकपान उघडून डोळ्यांनी साल वाचा. दोन, साधारण 1800 च्या आधीच्या छपाईत लांब ‘एस’ असायचा आणि संगणक तो ‘एफ’ वाचतो. ‘स्टील’ शोधून सापडलं नाही तर ‘फ्टील’ शोधा. हसू येईल, पण सापडतं. ऑक्सफर्डचा मोठा कोश विद्यापीठाच्या ग्रंथालयातून बघता आला तर उत्तम. बोलीभाषेसाठी जोनाथन ग्रीनचा स्लँग कोश मोफत आहे, आणि त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार उताऱ्यांची माळ असते.

आद्याक्षरांच्या गोष्टी दिसल्या की तर सरळ पाठ फिरवा. ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, विलायतेहून मुंबईला येताना सावलीतली डावी केबिन आणि जाताना उजवी, अशी शिक्का मारलेली तिकिटं, वगैरे. असं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. आद्याक्षरं जुळवून नवे शब्द घडवायची चाल विसाव्या शतकाआधी जवळजवळ नव्हतीच.

पाचवी पायरी: आपल्या घरचा कोश उघडा

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे जो लंडनच्या माणसाला नाही. इंग्रजीत ‘टू गो डूलॅली’ म्हणजे डोकं फिरणं, भ्रमिष्टासारखं वागणं. आजही इंग्लंडातल्या साध्या बोलण्यात हा शब्द ऐकू येतो, आणि वापरणाऱ्या बहुतेकांना तो कुठून आला याची गंधवार्ता नसते. तो नाशिकजवळच्या देवळालीहून आला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश सैन्याची मोठी छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई देशभरातून तिथे आणले जात आणि मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट बघत ठेवले जात. बोटी सुटायच्या त्या साधारण हिवाळ्याच्या हंगामात. शेवटची बोट हुकली की पुढचा हंगाम उजाडेपर्यंत मुक्काम. बंदूक जमा झालेली, कवायत नाही, काम नाही, वर नाशिकचा वैशाख, खिशात थोडे पैसे आणि जवळ दारू. माणसं चक्रावत. त्याला शिपायांनी नाव दिलं ‘डूलॅली टॅप’.

आता या ‘टॅप’ पाशी इंग्रज वाचक अडखळतो. नळ? टपली? मराठी वाचक अडखळत नाही. टॅप म्हणजे ताप. हिंदुस्थानी बोलीतून शिपायांनी उचललेला, आपला रोजचा ताप. देवळालीचा ताप चढला, एवढंच ते म्हणत होते. पुढे ताप गळून पडला, देवळाली राहिली. आपल्याकडेही ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात, तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून. गावाचं नाव घेऊन डोक्याची कळ सांगायची ही तऱ्हा दोन्हीकडे सारखीच, आणि दोन्हीकडे खऱ्या आजारी माणसासमोर ती वापरू नये हेही सारखंच.

म्हणून एखादा इंग्रजी शब्द हिंदुस्थानातून गेल्याची शंका आली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि हॉब्सन-जॉब्सन शेजारी शेजारी उघडा. मोल्सवर्थची 1857 ची दुसरी आवृत्ती आणि हॉब्सन-जॉब्सन, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात मोफत शोधता येतात. ‘मंगूस’ हा आपला मुंगूस, तो असाच सापडेल. ‘हॅव अ डेको’, म्हणजे जरा नजर टाक, यातला डेको म्हणजे हिंदीतला ‘देखो’. आणि खुद्द हॉब्सन-जॉब्सन हे नाव म्हणजे मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन! या हुसेन!’ चा गोऱ्या शिपायांच्या तोंडी झालेला चुराडा.

सहावी पायरी: मध्ये भाषांतरकार बसलाय का ते बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात. ‘पँडोराज बॉक्स’, म्हणजे उघडली की नसती संकटं बाहेर पडतात ती पेटी, यात पेटी नव्हतीच. हेसिअडच्या ग्रीक काव्यात तो ‘पिथॉस’ आहे, धान्य-तेल साठवायचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने लॅटिन करताना त्याची ‘पिक्सिस’, म्हणजे डबी केली, आणि रांजण कायमचा गेला. याच इरॅस्मसने प्लूटार्क या ग्रीक लेखकाच्या लिखाणातल्या ‘कुंडाला कुंड म्हणणाऱ्या’ लोकांना लॅटिनमध्ये कुदळ दिली. 1542 मध्ये निकोलस युडॉलने इंग्रजी केलं तेव्हा ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ जन्माला आलं. अमेरिकेत ‘स्पेड’ पुढे कृष्णवर्णीयांसाठी शिवी म्हणून वापरला गेला, त्यामुळे तिथल्या मंडळींशी बोलताना हा वाक्प्रचार टाळलेला बरा. मराठीत आपण निवांतपणे ‘रोखठोक बोलतो’.

मग आपल्या घरातही डोकावा. नक्राश्रू, लालफीत, पांढरा हत्ती, हिमनगाचं टोक: हे सगळे इंग्रजीतून येऊन मराठी झालेले पाहुणे. नक्राश्रू तर संस्कृत वेष घालून आल्यामुळे पुराणातला वाटतो. ‘सिंहाचा वाटा’ इसापाचा, पण तिथे सिंह मोठा वाटा घेत नाही, सगळंच घेतो. आजच्या मराठीत आपण ‘यशात तिचा सिंहाचा वाटा आहे’ असं कौतुकाने म्हणतो. इसापाने कपाळावर हात मारला असता.

सातवी: वहीत नोंद

प्रत्येक नोंदीखाली मी तीनपैकी एक शब्द लिहिते: पक्कं, बहुधा, गोष्ट. डेनिसची गर्जना पक्कं. ‘किक द बकेट’ बहुधा: 1785 च्या ग्रोसच्या कोशात तो आहे, आणि इंग्लंडच्या पूर्वभागातल्या बोलीत डुक्कर कापून उलटं टांगायच्या आडव्या वाशाला ‘बकेट’ म्हणत, त्या वाशावर पाय झाडणं, असा कोशकारांचा कल आहे. छपरावरची मांजरं गोष्ट.

एक अख्खी नोंद नमुन्यादाखल देते, माझ्या वहीत आहे तशी:

डूलॅली. वाक्य: ‘हीज गॉन कम्प्लीटली डूलॅली.’ कोण कुणाला: मालिकेतली शेजारीण शेजारणीला, इंग्लंड, म्हाताऱ्या काकांबद्दल, हसत. पातळी: घरगुती, थट्टेची. मराठी: ‘पार सटकलाय’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’. माहेर: फौज, देवळाली. जुनं रूप: डूलॅली टॅप. टॅप = ताप. पक्कं. छापील मजकुरात वापरू नये, मालिकेच्या उपशीर्षकात चालेल. काका कसे आहेत ते पुढच्या भागात बघणे.